उपाशी साखर ११८, एचबीएवनसी मात्र ८.४. खरं कुठलं मानायचं?

कोथरूडकर७४

वडिलांचं वय ६२, मधुमेह ११ वर्षं. उंची ५ फूट ६ इंच, वजन ६१ किलो. शाकाहारी, तंबाखू-दारू नाही. ग्लिमेपिराईड १ आणि मेटफॉर्मिन ५०० ची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ, रात्री ॲटोरव्हास्टॅटिन १० व ॲस्पिरिन ७५ ची कॅप्सूल. बीपी १३४/८०, त्याची गोळी नाही.

आत्ताचे रिपोर्ट: उपाशी ११८, नाश्त्यानंतर १५६, एचबीएवनसी ८.४, क्रिएटिनिन १.२, लघवीच्या साध्या तपासणीत अल्ब्युमिन 'निल'. सहा महिन्यांपूर्वी एचबीएवनसी ७.६ होतं, आणि तेव्हाही उपाशी साखर एवढीच होती.

डॉक्टर म्हणतात औषध वाढवायला हवं, कदाचित रात्रीचं इन्शुलिन. वडील म्हणतात साखर चांगलीच आहे, लॅबचं काहीतरी चुकलंय. जाणकारांना विचारायचंय: दोन आकडे जुळत नसतील तर धरायचा कुठला? ११ वर्षं झालेल्या माणसाच्या डोळ्यांच्या, किडनीच्या, पायांच्या कोणत्या तपासण्या व्हायला हव्यात? (चष्म्याचा नंबर मागच्या वर्षी पाहिलाय, त्रास काही नाही.) आणि पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली तरी आकडा वर का गेला?

सूक्ष्मदर्शी

आधी लॅबला दोष देणं थांबवा. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण दोन्ही वेगळी गोष्ट मोजतात. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस. तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर फिरेल त्या प्रमाणात ती हिमोग्लोबिनला चिकटते. म्हणून एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा गोषवारा, त्यातही शेवटच्या महिन्याचं वजन सगळ्यात जास्त. आकड्याला २८.७ ने गुणून ४६.७ वजा करा, सरासरी साखर मिळते. ८.४ म्हणजे सरासरी १९४. ७ म्हणजे १५४.

आता १९४ सरासरी असणाऱ्या माणसाची उपाशी ११८ आणि नाश्त्यानंतर १५६ कशी? पहिली शक्यता अशी की तुम्ही मोजलेल्या दोन वेळा सोडून बाकी वेळी साखर चढते. आपल्याकडे नेहमी बघायला मिळणारं चित्र: तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य, त्या दिवशी नाश्त्याला नेहमीच्या निम्मे पोहे, आणि वर्षभर कधीच न मोजलेली संध्याकाळ. पाचचा चहा, सोबत खारी किंवा फरसाण, साडेनऊला जेवण, साडेदहाला झोप. ती साखर रात्री दोन-तीनपर्यंत वर राहून सकाळी सातला उतरलेली असते, आणि लॅबवाला नेमका सातलाच सुई टोचतो.

म्हणून घरचा ग्लुकोमीटर घ्या आणि जोडीनं मोजा. एका दिवशी नाश्त्याआधी आणि नंतर, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी-नंतर, तिसऱ्या दिवशी रात्रीच्या. 'नंतर' म्हणजे पहिल्या घासापासून दोन तास, ताट उचलल्यापासून नव्हे. असे दोन आठवडे, रोज दोनच पट्ट्या. त्या काळात नेहमीचंच खायचं, गोळी नेहमीच्याच वेळी. एकदा पहाटे तीनलाही मोजा, कारण साखर पाडू शकणारं ग्लिमेपिराईड संध्याकाळीही चालू आहे. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा संत्रं सोलून तसंच बोट टोचलं तर ३०-४० नं जास्त आकडा सहज येतो. बोटाच्या टोकाला नाही, बाजूला टोचा, आणि पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघा. मीटर आणि लॅब यांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य मानकातच बसतो, त्यावरून भांडू नका. खर्च परवडत असेल तर दंडावर लावायचा १४ दिवसांचा सेन्सर यापेक्षा चांगला. त्यात ७० ते १८० च्या मध्ये दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, हे पाहायचं.

दुसरी शक्यता: आकडाच फसवा आहे. एचबीएवनसी हिमोग्लोबिनवर मोजतात, त्यामुळे रक्तच बिघडलेलं असेल तर हिशेब बिघडतो. लोहाच्या कमतरतेत आणि बी-१२ च्या कमतरतेत आकडा खोटा वर जातो. नुकतंच रक्त दिलं, रक्त चढवलं किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटा खाली येतो. डायलिसिसवर एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवणारी) इंजेक्शनं चालू असणाऱ्यांचाही खाली. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) असेल तर मोजण्याच्या पद्धतीनुसार कुठेही. वडिलांचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, झालाय का? हिमोग्लोबिन, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) आणि तांबड्या पेशींची संख्या इथे लिहा.

इन्शुलिनबद्दल एवढंच: रात्रीचं दीर्घकाळ चालणारं इन्शुलिन मुख्यतः उपाशी साखर उतरवतं. ती आधीच ११८ आहे. त्यामुळे जोडीच्या नोंदी हातात असल्याशिवाय ते सुरू झालं तर ८.४ जागेवर आणि पहाटे साखर ६० असं होऊ शकतं. नोंदवही घेऊन डॉक्टरांसमोर बसा, गोळ्या मात्र आपल्या मनानं कमी करू नका.

डोळस

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थेट देतो: चष्म्याचा नंबर म्हणजे डोळ्यांची मधुमेह-तपासणी नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) पाहावा लागतो. टाईप २ मध्ये निदान झालं त्याच वेळी आणि मग दरवर्षी, कारण निदानाच्या आधी काही वर्षं साखर चोरपावलानं वाढलेली असतेच. टाईप १ मध्ये पाच वर्षांनंतर सुरू केलं तरी चालतं. ६/६ दिसत असतानाही पडद्यावर रक्ताचे ठिपके असू शकतात, म्हणून 'त्रास काही नाही' याला इथे अर्थ नाही. लेझर आणि डोळ्यातली इंजेक्शनं मुख्यतः उरलेली नजर टिकवतात, गेलेली सगळी परत येईलच असं नाही. थेंबांनंतर चार-सहा तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं धूसर दिसतं, तेव्हा लक्ष्मी रस्त्यावरून स्कूटर चालवत परत येण्याचा बेत नको. कुणीतरी सोबत न्या.

आणखी एक, फारसं न सांगितलं जाणारं: बरेच महिने वर असलेली साखर एकदम खाली आणली, मग ती इन्शुलिननं असो वा नव्या साप्ताहिक इंजेक्शननं, तर आधीचा पडद्याचा आजार काही काळ वाढू शकतो. म्हणून पडदा आधी पाहायचा, उपचार नंतर वाढवायचा. उलटा क्रम नको.

किडनी. लघवीच्या साध्या पट्टीवर अल्ब्युमिन 'निल' आलं म्हणजे फार नाही, एवढंच कळतं. सुरुवातीची गळती पट्टीला दिसत नाही. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागा. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे किडनी इशारा देतेय, ३०० च्या वर म्हणजे उशीर होत चाललाय. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी सिंहगड चढून आले असतील तर आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वर आले तरच निदान. क्रिएटिनिन १.२ छापील मर्यादेत आहे, पण ६२ व्या वर्षी त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, साधारण ६८ होतो. तोच १.४ झाला तर ५७. आकडा जरासाच सरकतो, किडनी बरीच सरकलेली असते. बारीक अंगाच्या माणसात स्नायू कमी, त्यामुळे क्रिएटिनिन आणखीच गोड बोलतं. मेटफॉर्मिन ईजीएफआर ४५ च्या खाली निम्मं करतात, ३० च्या खाली बंद.

गुणोत्तर वाढलेलं निघालं तर टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी बीपीची गोळी, आणि लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन गटातली. हा दुसरा गट किडनी आणि हृदय दोन्ही राखतो, आणि पेटंट संपल्यापासून खिशालाही परवडतो. पण तुमचे वडील बारीक आहेत. अंगातलं स्वतःचं इन्शुलिन कमी असणाऱ्या माणसात या गोळ्यांनी साखर फार वर न जाताही कीटोन (चरबी जळून होणारी आम्लं) साठू शकतात. उलट्या, जुलाब, कडक उपवास किंवा ऑपरेशन असेल तर त्या थांबवायच्या असतात, ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीपासून. अंगात स्वतःचं इन्शुलिन किती बनतं ते सांगणाऱ्या सी-पेप्टाईड तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेलं डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक बंद. किडनी बिघडवण्याचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग.

पाय. १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्यावर ठरावीक जागी टेकवतात, तो वाकेपर्यंत दाबूनही कळला नाही तर संरक्षक संवेदना गेली. काही ठिकाणी कंपन मोजायचं यंत्र असतं, त्यात २५ व्होल्टच्या वर म्हणजे जखमेचा धोका मोठा. सोबत पायाच्या नाड्या. घरी रोज रात्री तळवा आरशात बघायचा, बोटांच्या बेचक्यांसकट. पाण्याची ऊब पायानं नाही, कोपरानं पाहायची. भोवरीवर औषधाची पट्टी लावायची नाही, त्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. भेगांना व्हॅसलीन चालेल, पण बेचक्यांत नको, तिथे बुरशी होते. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. अंगठ्याची चप्पल बोटाच्या बेचक्यात घासते. मागे पट्टा असलेली एमसीआर (मऊ रबराच्या) तळव्याची चप्पल घ्या. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा आणि वारीत अनवाणी दिवे घाट चढणं, दोन्ही नको. भाजलेलं कळतच नाही, कळतं तेव्हा फोड फुटलेला असतो. मोजे घालून चाला, माउली रागावणार नाही.

राहिलं हृदय. मधुमेहानं नसा (मज्जातंतू) बिघडल्या की छातीत दुखल्याशिवाय झटका येऊ शकतो. नुसती धाप, घाम, कारण नसलेला थकवा दिसला तरी ईसीजी काढा. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी बीपी मोजा. वरचा आकडा २० नं पडला तर त्या नसांकडे लक्ष द्यायचं. आणि लैंगिक तक्रार असेल तर वडील मुलाला सांगणार नाहीत, डॉक्टरांनी एकट्यात विचारावी. रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची ती बऱ्याचदा पहिली खूण असते.

भाकरतुकडा

भाकरीचं उत्तर वजनकाट्यावर आहे. घरची फुलक्याच्या जातीची पोळी ३० ग्रॅम पिठाची धरली तर तिच्यात २०-२२ ग्रॅम कर्बोदकं. ज्वारीची भाकरी ७० ग्रॅम पिठाची सहज होते, तिच्यात ५० च्या आसपास. म्हणजे दोन पोळ्यांऐवजी दीड भाकरी झाली असेल तर तुम्ही साखर वाढवलीत. ज्वारी वाईट नाही, तंतू जास्त आहेत, पण 'भाकरी कितीही चालते' हे खरं नाही. एकदा पीठ मोजून थापा, मग अंदाज येतो.

पोह्यांचंही तेच. ६० ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे ४५ ग्रॅम कर्बोदकं. पोहे ३० ग्रॅमवर आणा आणि वाटीभर मोडाची मटकी घाला. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. एकादशीला खिचडी आणि भगर यांच्याऐवजी राजगिरा, दही, शेंगदाण्याची आमटी, काकडी असं करा. उपास कडक असेल तर ग्लिमेपिराईडचं त्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. न खाता ती गोळी घेतली की साखर पडते. गूळ म्हणजे साखरच. 'शुगर फ्री' लिहिलेली बिस्किटं म्हणजे मैदाच. कारल्याचा रस प्या हवा तर, पण गोळीच्या जागी नको.

क्रम बदलला तरी फरक पडतो: आधी कोशिंबीर आणि उसळ, शेवटी भाकरी-भात. जेवण साडेसात-आठला, नंतर १५ मिनिटं चालणं. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघता साखर ओढतो, म्हणून जेवणानंतरच्या या फेरीनं जेवणानंतरचा चढ थेट उतरतो. पहाटे तळजाई टेकडीला जाणं उत्तमच, पण ते या फेरीच्या बदल्यात धरू नका. बारीक माणसाला नुसतं चालून भागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं असं काहीतरी हवं.

'बारीक आहेत, मग मधुमेह कसा' असं कुणी म्हणालं तर त्याचं उत्तर पुण्यातच सापडलंय. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्यातली पुष्कळ माणसं वरून बारीक आणि आतून चरबीदार असतात. वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर मोजा, पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजायची. चॉकलेट नको, त्यातली चरबी साखर अडवून धरते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज (कर्बोदकं हळू पचवायला लावणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर घरची साखरही लवकर चढत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. औषध बदलून त्यात ही गोळी आली तर डबा आधी आणून ठेवा.

कोथरूडकर७४

सगळ्यांचे आभार. सीबीसी काल केला. हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही ६८, तांबड्या पेशी ४.१. बी-१२ १६२ आलं. फेरिटिन (लोहसाठ्याची तपासणी) केलेलं नाही. जोडीच्या नोंदी चार दिवसांच्या झाल्यात: दुपारच्या जेवणानंतर १७० ते १८५, रात्रीच्या जेवणानंतर २१०, २२६. पहाटे तीनला ९४.

सूक्ष्मदर्शी

म्हणजे दोन्ही शक्यता एकाच वेळी खऱ्या आहेत. रात्रीच्या जेवणानंतर साखर खरोखर चढतेय, आणि वर रक्तक्षयानं एचबीएवनसीला फुगवलंय. नोंदींवरून सरासरी १९४ वाटत नाही, त्याहून बरीच खाली दिसते. रक्तक्षय बरा होईपर्यंत फ्रुक्टोसामाईन ही तपासणी करा. ते हिमोग्लोबिनवर अवलंबून नसतं, मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं. फक्त रक्तातलं अल्ब्युमिन कमी असेल तर तेही चुकतं.

एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं भागा: ६८ भागिले ४.१, साडेसोळा. १३ च्या वर असेल तर कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली असेल तर थॅलेसेमिया मायनरकडे. फेरिटिननं पक्कं करा. तेवढ्यात लोहाच्या गोळ्या सुरू करून मोकळे होऊ नका. ६२ वर्षांच्या पुरुषाला लोह कमी पडलं तर ते बहुधा कुठेतरी गळतंय. रोजचं ॲस्पिरिन जठरातून थेंबथेंब रक्त काढू शकतं, मूळव्याध असू शकते, आतड्यात गाठ असू शकते. पोटविकारतज्ज्ञाला दाखवून वरून आणि खालून दुर्बिणीची तपासणी करणं योग्य. शौच काळी डांबरासारखी होत असेल तर आजच जा. हृदयविकार झालेला नसताना ॲस्पिरिन कशासाठी चालू आहे, हेही विचारा. नुसता मधुमेह आहे म्हणून आता ते सरसकट देत नाहीत. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं ॲटोरव्हास्टॅटिन) मात्र चालूच राहू दे. दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये आहेत, तेव्हा कॅप्सूल आपणहून बंद करून स्टॅटिनही घालवू नका.

बी-१२ १६२ म्हणजे कमी. शाकाहार आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, दोन्ही त्याच दिशेला ओढतात. पायात मुंग्या आल्या की सगळं खापर मधुमेहावर फुटतं, पण त्यातला बी-१२ चा वाटा भरून निघणारा असतो, वेळेत दिलं तर.

टेकडीवाला

लक्ष्य किती ठेवायचं यावर दोन शब्द, कारण आता वडील 'एचबीएवनसी ६ वर आणतो' म्हणून पेटतील.

लांबच्या पल्ल्यात साखर आवरल्याचा फायदा पक्का आहे. १९९३ च्या अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या अभ्यासात टाईप १ च्या लोकांना एचबीएवनसी ९ ऐवजी ७ च्या आसपास ठेवलं तर डोळ्यांचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या अभ्यासात, १९९८ साली, नव्यानं निदान झालेल्या टाईप २ मध्ये ७.९ ऐवजी ७ ठेवून बारीक रक्तवाहिन्यांच्या तक्रारी २५ टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे दोन्ही गटांचे आकडे सारखे झाले, तरी दहा वर्षांनंतरही आधी आवरलेल्यांचा फायदा टिकला. पण २००८ च्या ॲकॉर्ड या अभ्यासात बरीच वर्षं मधुमेह असलेल्या, हृदयाचा धोका असलेल्या लोकांना ६ च्या खाली रेटलं तेव्हा मृत्यू वाढले आणि तो गट थांबवावा लागला. ११ वर्षं झालेल्या, ग्लिमेपिराईडवर असलेल्या माणसाला साखर न पडता ७ ते ७.५ मिळालं तर ते उत्तम. शेवटचा अर्धा टक्का ओढण्यापेक्षा बीपी १३०/८० च्या खाली आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली आणण्यात हृदयाला जास्त मिळतं. तुमच्या वडिलांच्या १३४ बीपीला अजून कुणी हात लावलेला दिसत नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा आणि साखरेच्या नोंदींबरोबर तोही कागद न्या.

सूक्ष्मदर्शी

वर एक राहिलं. लोह सुरू झालं की नव्या पेशी भराभर येतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत एचबीएवनसी औषध न बदलताही खाली येईल. ते पाहून 'भाकरी लागू पडली' म्हणून गोळ्या कमी करू नका, आणि पेढेही वाटू नका. हिमोग्लोबिन स्थिर झाल्यावर तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायच्या) पद्धतीनं केलेला आकडा खरा धरा. तोवर निर्णय जोडीच्या नोंदींवर.